अंगण, आंबा आणि पेटीतली पोथी



ईस्टरचा आनंद मनात ताजा असतानाच मे महिना येऊन ठेपतो. शाळांना सुट्टी लागते, दुपारी रस्ते ओस पडतात. घरोघरी माळ्यावरच्या बरण्या खाली येतात आणि धुऊन उन्हात पालथ्या घातल्या जातात. अंगणात चटईवर मिरच्या आणि कोकमे वाळत पडलेली असतात. चर्चमध्ये हा महिना पवित्र मरियेचा, आणि घरात तो कामाचा. पाऊस येण्याआधी जे आवरायचे ते याच दिवसांत आवरावे लागते.

या कामांना कोणी इतिहास म्हणत नाही. ख्रिस्तसभेचा इतिहास म्हटला की आपल्याला बिशपांची नावे, चर्च बांधल्याची साले आणि संतांची चरित्रे आठवतात. पण गोवा आणि घाटावरचा आपला सीमाभाग इथल्या ख्रिस्ती घरांची गेली साडेचारशे वर्षे पाहिली, तर वेगळेच काही दिसते. मोठ्या संस्थांच्या हातून जे निसटले, त्यातले पुष्कळसे साध्या माणसांनी अंगणात, माळ्यावर आणि लाकडी पेटीत सांभाळून ठेवले. त्या सांभाळण्याविषयी आम्ही आज लिहीत आहोत.

परसातले पाहुणे

परसात उभे राहून झाडांची नावे घेऊ या: काजू, अननस, पपई, पेरू, मिरची. यांतले एकही इ. स. १५०० मध्ये आपल्या प्रदेशात नव्हते. ही सगळी अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांबरोबर ती इकडे आली आणि इतकी रुजली की ती परदेशी आहेत हे आता सांगावे लागते. 'काजू' आणि 'अननस' हे शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांचे. पोर्तुगीजांनी ते उचलले आणि त्यांच्याकडून ते आपल्या तोंडी आले. 'पेरू' हे नाव 'पेरा' म्हणजे नासपती या पोर्तुगीज शब्दावरून पडले असे मानतात. झाडाला माती घालायचे घमेले, पाणी घालायची बादली आणि परसदाराची चावी हे शब्दसुद्धा पोर्तुगीजच.

या झाडांच्या जुन्या नोंदी वाचताना मौज वाटते. गार्सिया द ओर्ता हे वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यातच छापून झाला. भारतातला पहिला छापखाना गोव्यात १५५६ मध्ये आला होता, त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी. त्या ग्रंथात काजूचा उल्लेख नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये, क्रिस्तोव्हाव द कोश्ता यांच्या ग्रंथात मात्र कोचीच्या बागांमधला काजू भेटतो. आज कोकण आणि गोव्याचे डोंगर ज्या झाडाने भरले आहेत, ते एकेकाळी कोणाच्या तरी बागेतले नवलाचे झाड होते.

द ओर्ता यांचा ग्रंथ दोन माणसांच्या गप्पांच्या रूपात आहे. एक ते स्वतः, दुसरा युरोपातून आलेला पाहुणा. बोलता बोलता नोकर येतात, फळे आणतात, जेवणाची वेळ होते. आंब्याचा विषय चालू असताना मुंबई बेटावरचा त्यांचा कूळ आंब्यांची टोपली घेऊन दारात येतो. तेव्हा मुंबई बेट द ओर्ता यांच्याकडे खंडाने होते, आणि तिथले आपले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळ देते असे ते कौतुकाने सांगतात. मोठ्या विद्वानाचा ग्रंथ, पण त्याला वास आपल्याच ओटीवरचा.

भेट कलम

आंबा मात्र पाहुणा नव्हे, तो इथलाच. पण आज आपण जो आंबा मिटक्या मारत खातो, त्यामागे एक कला आहे, आणि ती गोव्यात वाढवण्याचे श्रेय जेझुइट धर्मगुरूंच्या बागांना देतात. आंब्याची कोय पेरली तर झाड येते, पण हापूसच्या कोयीतून हापूसच येईल याचा भरवसा नाही. गोडी टिकवायची तर कलम करावे लागते.

जुनी पद्धत 'भेट कलमा'ची. कुंडीत वाढवलेले साधे रोप चांगल्या झाडाच्या फांदीजवळ नेऊन टेकवायचे. रोपाची आणि फांदीची साल एकेका बाजूने तासायची, दोन्ही उघड्या जागा एकमेकींना लावायच्या आणि घट्ट बांधून ठेवायच्या. दोन-तीन महिन्यांत त्या जुळून येतात. मग फांदी मूळ झाडापासून सोडवायची आणि रोपाचा स्वतःचा शेंडा छाटायचा. खाली साध्या रोपाची मुळे, वर उत्तम झाडाची फांदी. जखम दोघांनाही करावी लागते, म्हणून तर दोघे एक होतात.

निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी सतराव्या शतकात भारतात आला आणि इथेच राहिला. गोव्याचे आंबे सर्वांत चांगले असे तो लिहितो आणि त्यांच्या जातींची नावे देतो. त्यांत एक नाव आहे निकोलाव अफोन्सो. आपल्या 'हापूस'चे मूळ 'अफोन्सो'त आहे, आणि अनेकजण तो अफोन्सो म्हणजे गोवा जिंकणारा आल्बुकेर्क असे सांगतात. मनुचीची नोंद पाहिली की वाटते, हा अफोन्सो कोणी दुसराच, बहुधा एखादा बागवाला असावा. 'पायरी'चे मूळ 'पेरिश' या आडनावात सांगतात. 'मानकुराद' हे 'माल कोराद' म्हणजे 'रंगाने वाईट' याचे रूप. ज्याच्या दिसण्याला नाव ठेवले, तोच गोव्यात आज सर्वांचा लाडका आहे. हे आंबे पुढे भेट म्हणून पेशव्यांच्या दरबारापर्यंत पोहोचत. ज्यांच्याशी युद्ध, त्यांच्याकडेही आंब्याच्या करंड्या जात.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात कलमाचाच दाखला दिला आहे. इतर राष्ट्रांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांना तो रानटी जैतुनाच्या फांद्या म्हणतो. चांगल्या झाडावर त्यांचे कलम झाले आहे. आणि लगेच तो बजावतो की, फांदीने मुळापुढे ताठा मिरवू नये, कारण फांदी मुळाला धरून नाही, मूळ फांदीला धरून आहे.

उपटलेली तुळस

पौलाचा हा इशारा आपल्या इतिहासात नेहमी पाळला गेला नाही. बागेचे कौतुक करायचे आणि तिथले काटे झाकायचे, हे ख्रिस्ती माणसाला शोभणारे नाही.

गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. मधला थोडा काळ सोडला तर ते १८१२ पर्यंत टिकले. गार्सिया द ओर्ता हे ख्रिस्ती झालेल्या यहुदी कुटुंबातले होते. १५६८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये खुद्द त्यांची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. ज्याच्या दारात आंब्यांची टोपली आली, त्याच्या वाट्याला त्याच शहराने हे दिले.

१६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. १७३६ मध्ये इन्क्विझिशनच्या आदेशाने नवख्रिस्ती घरांतल्या अनेक चालीरीती बंद केल्या. त्यांत अंगणातली आणि बागेतली तुळस ठेवायला मनाई होती. असलेली उपटून टाकायची होती. एका रोपाची एवढी भीती का वाटावी? कारण घराचे मन कुठे असते हे हुकूम काढणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. ते अंगणात असते.

त्या अंगणांत क्रूस उभे राहिले. गोव्यातल्या जुन्या घरांपुढे चौथऱ्यावर बांधलेला क्रूस नीट पाहा. चौथरा, दिव्यासाठी कोनाडा, वाहिलेली फुले. ती घडण कोणालाही तुळशीवृंदावनाची आठवण करून देते. संध्याकाळी अंगणात दिवा लावणारा हात तोच राहिला. घरातल्या बायकांनी आपल्या प्रार्थनेचे जणू भेट कलमच केले.

मोगरा आणि पोथी

याच भूमीत एक वेगळा माणूसही होऊन गेला. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडच्या विल्टशायरचे. ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच राहिले. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात ते इथल्या झाडांविषयी सांगतात आणि माडाची तोंड भरून स्तुती करतात. एकाच झाडापासून तेल, ताडी, साखर आणि व्हिनेगर मिळते, दोर वळता येतात, झावळ्यांनी झोपडी शाकारता येते. नव्याने आलेल्या माणसाने परसाकडे किती बारकाईने पाहिले, हे त्यातून कळते. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, हेही त्याच पत्रात आहे.

त्यांनी इथली भाषा नुसती शिकून घेतली नाही, तिच्यावर जीव लावला. नव्या ख्रिस्ती लोकांना घरी म्हणायला, ऐकायला पुराणे उरली नव्हती. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी ओवीछंदात सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा रचली. तेच 'क्रिस्तपुराण', सुमारे अकरा हजार ओव्यांचे. रायतूरच्या कॉलेजात ते १६१६ मध्ये छापले गेले. त्यात मराठीचे गुण गाताना त्यांनी तिला फुलांमधल्या मोगऱ्याची उपमा दिली. उन्हाळ्यातच बहरणारे आणि संध्याकाळी अंगण भरून टाकणारे हे फूल परक्या माणसाला सुचले, कारण तो आपल्या अंगणात बसला होता.

या ग्रंथाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. पण आज या तिन्हींपैकी एकाचीही छापील प्रत कुठे मिळत नाही. छापखाना, कॉलेज, राज्यसत्ता, सगळे हाताशी असून छापलेले पुस्तक नाहीसे झाले.

टिकल्या त्या हाताने लिहिलेल्या प्रती. गोव्यातून दक्षिणेकडे मंगळूरच्या बाजूला गेलेल्या कुटुंबांनी शेतीची अवजारे आणि घरचे देव्हारे नेले, तसे हे पुराणही नेले. घरात ते म्हटले जाई. एक प्रत जुनी झाली की दुसरी उतरवून घेतली जाई. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना बंदी करून श्रीरंगपट्टणला नेले, तेव्हाच्या पंधरा वर्षांच्या बंदिवासात याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, अशी परंपरा आहे. पुढे १९०७ मध्ये जोसेफ सालडाना यांनी अशा हस्तलिखितांवरून मंगळूरला क्रिस्तपुराण छापले. एक देवनागरी हस्तलिखित लंडनला पोहोचले होते, तेही नंतर अभ्यासकांच्या नजरेस आले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली आणि मराठी वाचकांच्या हाती हा ग्रंथ पुन्हा आला.

म्हणजे आपल्या भाषेतला हा पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो ग्रंथालयाच्या कपाटातून कमी आणि घरातल्या पेटीतून जास्त. तो उतरवून घेणाऱ्या बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

पुरूमेंत

गोव्यात उन्हाळ्याच्या बेगमीला 'पुरूमेंत' म्हणतात. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो' म्हणजे तरतूद, त्याचे हे घरगुती रूप. सुकी सुंगटे, खारवलेली मासळी, आमसुले, चिंच, मिरच्या, कांद्याच्या माळा, उकडे तांदूळ, मिठात मुरवलेले कच्चे आंबे, फणसाचे साट, वाळवलेल्या आठळ्या. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि वाटा बंद होतात. त्या चार महिन्यांचे जेवण मे महिन्यातच ठरते.

या खरेदीसाठी म्हापशाला मोठी जत्रा भरते, ती चमत्कारांच्या मातेच्या, म्हणजे मिलाग्रिस सायबिणीच्या सणाला. ईस्टरनंतर पंधराव्या दिवशी, सोमवारी. मडगावला पवित्र आत्म्याच्या चर्चचे फेस्त पेंटेकॉस्टच्या सुमारास येते, तेव्हाही अशीच गर्दी होते. या बाजारांत आपल्या घाटावरचा मोठा वाटा आहे. कांदा, मिरची, कडधान्य, गूळ रामघाटासारख्या वाटांनी बैलांच्या पाठीवरून खाली उतरत असे आणि परतताना मीठ, खोबरे आणि सुकी मासळी वर चढत असे. १८८८ मध्ये मुरगावची रेल्वे घाटावरच्या रेल्वेला जोडली गेली आणि हे येणे-जाणे आणखी सोपे झाले. सीमाभागातल्या आपल्या अनेक कुटुंबांचे नातेसंबंध याच वाटांनी बांधले गेले आहेत.

म्हापशाच्या मातेच्या दर्शनाला हिंदू भाविकही मोठ्या संख्येने येतात. ती आणि शिरगावची लईराई देवी या सात बहिणींपैकी, अशी लोकांची श्रद्धा आहे. सणाला चर्च आणि लईराईचे देऊळ यांच्यात तेल आणि मोगऱ्याची फुले यांची देवाणघेवाण होई, अशी रीत सांगतात. तुळस उपटण्याचा हुकूम निघालेल्या प्रदेशात लोकांनी मोगऱ्याची देवाणघेवाण चालू ठेवली. स्टीफन्स यांचा मोगरा तो हाच, एवढे म्हणायला हरकत नाही.

साठवण्याविषयी पवित्र शास्त्र काय म्हणते? निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना मिळाल्याची कथा आहे. उद्याच्या भीतीने ज्यांनी जास्तीचा मान्ना ठेवला, त्याला किडे पडले. पण त्याच अध्यायात देव सांगतो की एक भांडे भरून पुढच्या पिढ्यांसाठी ठेवा. अन्न तेच, ठेवणेही तेच. हेतू वेगळा. एक ठेवणे स्वतःपुरते होते, दुसरे न जन्मलेल्या लेकरांसाठी. पुरूमेंताच्या बरण्यांतही हा फरक असतो. मुसळधार पावसात शेजारणीला चार सुकी सुंगटे देणारे घर आणि बरणीचे झाकण घट्ट लावून बसणारे घर, दोन्ही आपण पाहिलेली आहेत.

खारे पाणी आणि क्रुसाजवळची संध्याकाळ

कामाच्या या दिवसांत थोडी हवाही खायची असते. मडगावची सुखवस्तू कुटुंबे एप्रिल-मे महिन्यांत हवापालटासाठी कोलव्याला जाऊन राहत. त्याला 'मुदांस' म्हणत. ज्यांना ते परवडत नसे, ती माणसे एखाद्या दिवसासाठी समुद्रावर जात, कारण मे महिन्यात खाऱ्या पाण्यात न्हाले की अंगदुखी आणि त्वचेचे विकार जातात असा समज होता. कोणी केसरव्हाळसारख्या झऱ्यावर जाई. सोबत शिदोरी, आंबे आणि पोरांचा गोंगाट.

आणि संध्याकाळी वाड्यावरच्या क्रुसाजवळ लितानी. क्रुसाला चुना काढलेला, फुलांच्या माळा, मेणबत्त्या, कधी व्हायोलिन. प्रार्थना संपली की उकडलेल्या चण्यांचा वाटप. ही प्रार्थना बऱ्याचदा धर्मगुरूंशिवायच होई. वाड्यातला एखादा जाणता माणूस ती चालवी आणि सगळा वाडा मागून म्हणे. मुले चण्यांसाठी येत, पण येता-जाता लितानी पाठ करून जात.

आता आपली पाळी

लूक सांगतो की बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला आणि घरी परतला, तेव्हा त्याच्या आईने त्या सगळ्या गोष्टी आपल्या अंतःकरणात ठेवल्या. मरिया लिहीत नव्हती, उपदेश करीत नव्हती. ती ठेवत होती. तिने ठेवले म्हणून ते पुढे सांगता आले. मे महिना तिचा आहे तो याही अर्थाने.

आज आपल्या पेट्या रिकाम्या होत आहेत. घर बदलताना जुनी प्रार्थनापुस्तके रद्दीत जातात. आजीच्या हस्ताक्षरातली गीतांची वही, बाप्तिस्म्याचा दाखला, पहिल्या ख्रिस्तशरीराची मेणबत्ती, मृतांच्या स्मरणाची कार्डे, यांचे काय करायचे हे कोणाला कळत नाही. परसातला आंबा तोडून तिथे गाडी उभी राहते. हुकूम कोणी काढलेला नाही. आपल्याच हातून हे होत आहे.

म्हणून या सुट्टीत, बंधुभगिनींनो, तीन लहान कामे करू या. घरातली जुनी पेटी उघडून त्यातले कागद एक दिवस सावलीत हवेला ठेवू या, मऊ सुती कापडात बांधू या आणि मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो घेऊ या. परसातल्या किंवा कुंडीतल्या प्रत्येक झाडाचे रोप कोणी, कोठून आणले हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून वहीत लिहू या. आणि एका संध्याकाळी मुलांना घेऊन जवळच्या जुन्या क्रुसाशी जाऊ या, तो झाडून-पुसून दिवा लावू या. हिंदू शेजारी विचारतील, काय चालले आहे? त्यांनाही बोलावू या. चणे जास्तच उकडू या.

प्रार्थना

हे प्रभू, तू आम्हांला अशा मुळावर कलम केलेस जे आम्ही लावले नव्हते. आमच्या आधी ज्यांनी तुझे शब्द हाताने उतरवून ठेवले, त्या अनामिकांना तुझ्या शांतीत ठेव. आमच्या नावाने ज्यांची अंगणे उद्ध्वस्त झाली, त्यांच्यापुढे आम्हांला नम्र कर. जे तू आमच्या हाती दिलेस ते आमच्या लेकरांच्या हाती जाईपर्यंत आमचे हात सैल पडू देऊ नकोस. आमेन.